काका बॅप्टिस्टा कोणाचे?

ऑगस्ट महिना लागला की आपल्या मोबाइलवर याद्या फिरू लागतात. 'स्वातंत्र्यलढ्यातील मुस्लिम'. अशफाकउल्ला खान, मौलाना आझाद, हसरत मोहानी, बेगम हजरत महल, बद्रुद्दीन तय्यबजी. काही याद्यांत पन्नास नावे असतात, काहींत शंभर. उर्दू शाळांच्या फलकांवर हीच नावे रंगीत खडूने लिहिली जातात आणि पंधरा ऑगस्टला मुले ती पाठ करून म्हणतात. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक. दरवर्षी अशी डझनभर भाषणे माझ्या हातून जातात. त्यामुळे या याद्यांमागची भावना मला चांगली ठाऊक आहे. कोणीतरी विचारते, "तुमचे लोक होते कुठे?" आणि आपण यादी पुढे करतो.

आज मात्र मला अशा एका माणसाबद्दल लिहायचे आहे ज्याचे नाव आपल्या यादीत नाही, कारण तो मुसलमान नव्हता. दुसऱ्या कुणाच्या यादीतही ते सहसा दिसत नाही. एका मराठी ख्रिश्चन कुटुंबात जन्मलेला हा माणूस लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचा पहिला अध्यक्ष झाला. त्याचे नाव जोसेफ बॅप्टिस्टा. लोक त्यांना 'काका' म्हणत. त्यांची गोष्ट समजून घेतली तर आपल्या याद्यांविषयी काही प्रश्न आपोआप उभे राहतात, असे मला वाटते.

बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत झाला. वडिलांचे मूळ गाव उत्तन, म्हणजे भाईंदरजवळचे किनाऱ्यावरचे गाव. हा समाज स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवतो. मुंबई, ठाणे, वसई या पट्ट्यातले हे मूळचे रहिवासी. पोर्तुगीज काळात ते ख्रिश्चन झाले, पण घरातली बोली मराठीच राहिली. लग्नातली गाणी मराठी, शेती आणि मासेमारीचे शब्द मराठी. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे आहोत आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून सरकारशी जोडलेले आहोत, हे दाखवण्याचा तो प्रयत्न होता. सरकारी नोकऱ्यांचा प्रश्न होता, पोटाचा प्रश्न होता. त्यात नवल काही नाही. लहान समाज सत्तेच्या जवळ जाऊन सुरक्षितता शोधतो. आपल्याकडेही सर सय्यद अहमद खान यांनी त्याच काळात मुसलमानांना काँग्रेसपासून दूर राहण्याचा सल्ला दिला होता. आणि त्याच १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवत होते बद्रुद्दीन तय्यबजी. म्हणजे प्रत्येक लहान समाजात तेव्हा दोन्ही वाटा खुल्या होत्या.

बॅप्टिस्टांनी दुसरी वाट धरली. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिक्षण, मग वनखात्यात नोकरी, मग केंब्रिज, आणि १८९९ मध्ये बॅरिस्टर. सरकारने या माणसाला दुखावले होते असे नाही. सुखाने जगता येईल अशी सनद हातात होती. पण इंग्लंडमधल्या त्या वर्षांत त्यांच्यावर एका चळवळीचा ठसा उमटला. ती चळवळ आयर्लंडची.

इथे थोडे थांबून आयर्लंडची हकीकत सांगितली पाहिजे, कारण 'होमरूल' हा शब्द तिथलाच आहे. आयर्लंड इंग्लंडच्या शेजारचे बेट. शेकडो वर्षे इंग्रजांच्या ताब्यात. बहुसंख्य लोक कॅथलिक, जमीनदार बहुतेक प्रोटेस्टंट. १८४५ नंतरच्या दुष्काळात तिथे सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. १८७० मध्ये आयझॅक बट यांनी मागणी पुढे आणली की साम्राज्यात राहू, पण आमच्या घरचा कारभार आम्ही पाहू, आमचे पार्लमेंट आम्हाला द्या. यालाच होमरूल म्हणू लागले. या मागणीला खरा जोर दिला चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांनी. १८७५ मध्ये ते खासदार झाले, १८७९ मध्ये मायकेल डेव्हिट यांच्यासोबत लँड लीगमध्ये उतरले आणि तिचे अध्यक्ष झाले. कुळांना बेदखल करणाऱ्यांशी सगळा व्यवहार तोडण्याची हाक दिली गेली. १८८० मध्ये मेयो परगण्यात जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्यावर ही वेळ आली आणि त्याच्या आडनावाचाच जगाच्या भाषांत शब्द झाला. आपण आज सहज 'बॉयकॉट' म्हणतो तेव्हा आयर्लंडच्या कुळांचा तो शब्द वापरत असतो. १८८५ च्या निवडणुकीत पार्नेल यांच्या पक्षाचे ८६ खासदार निवडून आले. १८८६ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी होमरूलचे विधेयक मांडले आणि ते ३० मतांनी पडले.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की कॅथलिक आयर्लंडचा हा नेता, ज्याला लोक बिनमुकुटाचा राजा म्हणत, तो स्वतः प्रोटेस्टंट होता. शिवाय जमीनदारही. कुळांनी त्याला विचारले नाही की तू कोणत्या चर्चमध्ये जातोस. विरोधकांनी मात्र विचारले. उत्तरेतल्या प्रोटेस्टंटांमध्ये घोषणा दिली गेली की होमरूल म्हणजे रोमचे राज्य, म्हणजे पोपचे राज्य. बहुसंख्याकांचे राज्य आले तर आमचे काय, ही भीती. हा प्रश्न आपल्याला अनोळखी नाही. १९४७ पर्यंत हिंदुस्थानात तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जात होता.

पार्नेल यांचा शेवट वाईट झाला. १८९० मध्ये एका घटस्फोटाच्या खटल्यात त्यांचे खासगी आयुष्य उघड्यावर आले. ग्लॅडस्टन यांनी हात काढून घेतला, कॅथलिक बिशप विरोधात गेले, पक्ष फुटला आणि ऑक्टोबर १८९१ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी ते वारले. त्यांची चूक आणि त्यांचा धर्म यांचा संबंध किती, यावर इतिहासकार वाद घालत राहतील. मला एवढे दिसते की ज्या दिवशी नेता अडचणीत येतो, त्या दिवशी तो 'आपला' की 'त्यांचा' हा दबलेला प्रश्न वर येतो. तोपर्यंत तो कुणी उच्चारत नाही.

आयर्लंड आणि हिंदुस्थान यांचे धागे बॅप्टिस्टांच्या आधीच जुळले होते. दादाभाई नौरोजींना ब्रिटिश पार्लमेंटमध्ये पाठवण्यात डेव्हिट यांच्यासारख्या आयरिश नेत्यांना रस होता. १८९४ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते आल्फ्रेड वेब, डब्लिनचे मुद्रक आणि आयरिश खासदार. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८९१ मध्ये, काँग्रेस आपल्या नागपुरात भरली होती. आणखी एक गोष्ट. वेब हे क्वेकर होते, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्याही एका छोट्या पंथाचे. बहुसंख्याकांच्या राष्ट्रीय चळवळीत अल्पसंख्याक माणसाने आपल्या पायावर उभे राहणे ही आयर्लंडमध्ये रुळलेली गोष्ट होती. बॅप्टिस्टांनी इंग्लंडमध्ये ती जवळून पाहिली.

मुंबईत परतल्यावर ते वकिली करू लागले, महापालिकेत गेले आणि टिळकांच्या जवळ आले. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कायदेपंडितांत बॅप्टिस्टा होते. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. पुढे नाशिकच्या खटल्यात सावरकरांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांतही बॅप्टिस्टा होते. सरकारच्या डोळ्यांत सलणाऱ्या माणसांची वकीलपत्रे घेणे तेव्हा सोपे नव्हते. आजही नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता १९१६. टिळक मंडालेहून परतून दोन वर्षे झालेली. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावला होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. टिळकांनी स्वतः पद घेतले नाही. त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये काय चालले होते? २४ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, आयरिश क्रांतिकारकांनी टपाल कचेरी ताब्यात घेऊन प्रजासत्ताक जाहीर केले होते आणि इंग्रजी तोफा शहरावर आग ओकत होत्या. २९ तारखेला त्यांनी शरणागती पत्करली. म्हणजे जिथून 'होमरूल' हा शब्द आला तिथे तो मागे पडत होता, लोक बंदुकीकडे वळत होते. आणि आपल्याकडे तोच शब्द नव्याने रुजत होता.

हा शब्द का निवडला? त्यात कायद्याची हुशारी होती. ज्या शब्दावर इंग्लंडचा पंतप्रधान पार्लमेंटमध्ये विधेयक मांडतो, तो शब्द उच्चारला म्हणून हिंदुस्थानात राजद्रोह कसा लावणार? सरकारने तरीही प्रयत्न केला. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून टिळकांकडे चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. नोव्हेंबर १९१६ मध्ये हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. टिळकांच्या बाजूने उभे होते मोहम्मद अली जिना. त्या एका वर्षाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. चित्पावन ब्राह्मण नेता, त्याच्या संघटनेचा अध्यक्ष मराठी ख्रिश्चन, त्याचा वकील खोजा मुसलमान. आणि हे सर्वधर्मसमभावाच्या मेळाव्यातले छायाचित्र नव्हते. प्रत्येकजण आपले काम करत होता.

शंका घेणारा म्हणेल, बॅप्टिस्टांना अध्यक्ष केले ते दाखवण्यापुरते. शंका रास्त आहे. टिळकांवर ते फक्त हिंदूंचे, त्यातही उच्चवर्णीयांचे नेते असल्याचा आरोप होत होता. ख्रिश्चन अध्यक्ष असण्याचा राजकीय फायदा त्यांना दिसला नसेल असे मी म्हणणार नाही. राजकारणात असे हिशोब असतात. पण बाहुले आणि नेता यांतला फरक पद मिळाल्याच्या दिवशी कळत नाही, नंतरच्या कामावरून कळतो. लीगचे १९१७ च्या एप्रिलपर्यंत १४,००० सभासद झाले आणि १९१८ च्या सुरुवातीपर्यंत ३२,०००. मध्यप्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे आपला हा मुलूख, तिच्या कार्यक्षेत्रात होता. सहा मराठी आणि दोन इंग्रजी पत्रकांच्या ४७,००० प्रती खपल्या. आकडा पाहा आणि भाषा पाहा. स्वराज्याची मागणी प्रथमच एवढ्या प्रमाणात मराठीत केली जात होती, बाजारपेठेतल्या माणसाला कळेल अशा शब्दांत. १९१७ मध्ये बॅप्टिस्टा स्वतः इंग्लंडला गेले आणि मजूर पक्षाच्या लोकांपुढे हिंदुस्थानची बाजू मांडत राहिले. युद्ध चालू होते, समुद्रात पाणबुड्यांची भीती होती. दाखवण्यापुरता ठेवलेला माणूस असा प्रवास करत नाही.

'स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क' ही घोषणा मुळात बॅप्टिस्टांनी सुचवली असे मानणारे पुष्कळ आहेत. मी त्या वादात पडत नाही. घोषणेची मालकी सिद्ध झाली तरच माणूस मोठा ठरेल, असे काकांच्या बाबतीत मुळीच नाही.

१९१६ च्याच डिसेंबरात लखनौचा करार झाला. काँग्रेस आणि मुस्लिम लीग एकत्र आले. मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मान्य झाले आणि प्रत्येक प्रांतात जागांचे प्रमाण ठरले. मुंबई प्रांतात एक तृतीयांश, आपल्या मध्यप्रांतात १५ टक्के. टिळकांनी हा करार उचलून धरला. आता दोन चित्रे शेजारी ठेवा. एकात अल्पसंख्याकांचा प्रश्न जागांच्या हिशोबाने सोडवला आहे. दुसऱ्यात अल्पसंख्याक माणूस कोणत्याही राखीव खुर्चीविना सगळ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष आहे. काही जण दुसरे चित्र दाखवून पहिल्याची टिंगल करतात: "बघा, त्यांनी काही मागितले नाही, तुम्हालाच सगळे हवे." हे मला मान्य नाही. ज्या समाजाला भीती वाटते त्याने हमी मागणे हा गुन्हा नाही. आयर्लंडच्या प्रोटेस्टंटांनी मागितली, नंतर उत्तर आयर्लंडच्या कॅथलिकांनी मागितली. माझे म्हणणे इतकेच की हमीने सभागृहात जागा मिळते, लोकांच्या मनात जागा मिळत नाही. ती मिळते समान कामातून. दोन्ही लागतात. आपण गेली शंभर वर्षे पहिल्याविषयी बोललो आणि दुसऱ्यासाठी फारच थोडा वेळ दिला.

१९२० हे वळणाचे वर्ष. जानेवारीत बॅप्टिस्टा नव्या पक्षाच्या खटपटीत होते. त्यांनी पाँडिचेरीला अरविंद घोषांना पत्र लिहून इंग्रजी दैनिकाचे संपादकपद घ्या म्हणून गळ घातली. अरविंदांनी नम्रपणे नकार दिला. १ ऑगस्टला टिळक गेले. डिसेंबरात काँग्रेस पुन्हा नागपुरात भरली आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले. याच नागपूरच्या मंडपात जिनांनी विरोध केला, गांधीजींचा उल्लेख 'महात्मा' न करता 'मिस्टर' असा केला म्हणून त्यांच्यावर ओरडा झाला आणि ते काँग्रेसमधून बाहेर पडले. ही घटना आपल्या शहरातली आहे. इथे राहणाऱ्या आपल्याला तरी ती माहीत असावी. जिना पुढे कुठे गेले हे सर्वांना माहीत आहे. बॅप्टिस्टाही असहकाराच्या वाटेने गेले नाहीत. पण मतभेद झाला म्हणून त्यांनी आपल्या समाजाच्या किल्ल्यात जाऊन दार लावले नाही. ते कामगारांकडे गेले.

३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक, म्हणजे देशातली पहिली मोठी कामगार महासंघटना उभी राहिली. अध्यक्ष लाला लजपतराय, उपाध्यक्ष बॅप्टिस्टा. १९२१ चे दुसरे अधिवेशन कोळशाच्या खाणींच्या झरियात भरले आणि त्याचे अध्यक्ष होते बॅप्टिस्टा. १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आज आपण ज्याला महापौर म्हणतो तेच हे पद. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. माझगावच्या टेकडीवर, डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, त्यांच्या नावाची बाग आहे. संध्याकाळी लोक तिथे हवा खायला येतात. खाली गोदी दिसते.

एका आयुष्याला हे पुरेसे होते. मग काका विस्मरणात का गेले? माझे उत्तर सरळ आहे. आपल्याकडे माणूस लक्षात ठेवायला त्याच्यामागे जात किंवा धर्म असावा लागतो. जयंती साजरी करणारा समाज, चौकाला नाव द्या म्हणणारे कार्यकर्ते, मतांचा हिशोब पाहणारा नगरसेवक. बॅप्टिस्टांचा समाज संख्येने लहान. टिळकांच्या वारसांना टिळक पुरेसे होते. काँग्रेसच्या गोष्टीत १९२० नंतर त्यांना जागा उरली नाही. डाव्या कामगार चळवळीला ते मवाळ वाटले. ज्याने सगळ्यांसाठी काम केले त्याची जबाबदारी कुणा एकावर राहिली नाही. सार्वजनिक नळासारखे झाले, पाणी सगळ्यांनी भरले आणि दुरुस्ती कुणीच केली नाही.

आयर्लंडमध्येही हे घडले. १९३८ मध्ये तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष झाले डग्लस हाइड. आयरिश भाषा जिवंत ठेवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले असे हे विद्वान, आणि धर्माने प्रोटेस्टंट. भाषेच्या शिक्षकाला हा माणूस आवडलाच पाहिजे. कॅथलिक देशाने एका प्रोटेस्टंटाला सर्वोच्च पद दिले, ही किती मोठी गोष्ट. पण १९४९ मध्ये हाइड वारले तेव्हा डब्लिनच्या प्रोटेस्टंट चर्चमधल्या प्रार्थनेला कॅथलिक मंत्री आत गेले नाहीत. त्यांच्या चर्चची मनाई होती. ते बाहेर मोटारीत बसून राहिले. पद दिले, आदर केला, पण उंबरठा ओलांडला नाही. हा प्रसंग वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही, कारण आपण सगळेच कुठे ना कुठे त्या मोटारीत बसलेले आहोत.

सक्करदऱ्यात राहणाऱ्यांना उंबरठा ओलांडणे म्हणजे काय हे शिकवायला नको. ताजुद्दीन बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून राजे रघुजीराव भोसले यांनी आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यावर आणले ते १९०८ साली. टिळकांना शिक्षा झाली तेच वर्ष. ताजबागेत आजही उर्साला कोण येतो आणि कोण येत नाही याचा हिशोब करता येत नाही, इतकी माणसे येतात. हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. पण दर्ग्यात एकत्र येणारी हीच माणसे जयंतीच्या मंडपात वेगवेगळी बसतात. एकाच चौकात चार मंडप लागतात आणि प्रत्येकात फक्त घरचेच लोक असतात. नवस करताना आपण वाटून घेतो, इतिहास मात्र वाटून घेत नाही.

म्हणून आपल्या याद्यांकडे परत येतो. मी त्या बंद करा असे म्हणत नाही. पाठ्यपुस्तके नावे गाळत असतील तर ती नावे सांगणे आपले कामच आहे. पण यादीच्या दोन मर्यादा आहेत. पहिली, यादी हा एक अर्ज असतो. त्यात आपण अर्जदार होतो आणि विचारणारा अधिकारी. शंभर नावे दिली तरी तो एकशे एकावे मागू शकतो. दुसरी मर्यादा अशी की यादीत माणसे नसतात, फक्त नावे असतात. मुलाला अशफाकउल्ला हे नाव येते, पण ते कसा विचार करत होते, कुणाशी भांडले, काय लिहीत होते, हे येत नाही. पुराव्याचा कागद म्हणून वापरलेला माणूस कागदाइतकाच पातळ होतो.

"आमचे आजचे प्रश्न काय, आणि तुम्ही हे कुठले बॅप्टिस्टा घेऊन बसलात?" असे कोणी म्हणेल. घर भाड्याने मिळत नाही, नोकरीत नाव पाहून फाइल बाजूला ठेवली जाते, सणासुदीला मनात धाकधूक असते. हे प्रश्न खरे आहेत आणि ते हक्काच्या भाषेतच मांडले पाहिजेत. पण आपल्याला सोबत कोण उभे राहील, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. दुसऱ्याने आपला अशफाक लक्षात ठेवावा असे वाटत असेल, तर दुसऱ्याचा बॅप्टिस्टा आपल्याला माहीत असायला हवा. ईस्ट इंडियन समाजाच्या मुलाला युसूफ मेहेरअली माहीत असतील का? १९४२ मध्ये तुरुंगात असताना मुंबईचे महापौर म्हणून निवडून आलेले मेहेरअली. 'सायमन गो बॅक' आणि 'भारत छोडो' या घोषणांशी ज्यांचे नाव जोडले जाते ते मेहेरअली. एकाच शहराचे दोन प्रथम नागरिक, एक ख्रिश्चन, एक मुसलमान, दोघांच्या नावाशी देशाला हलवणाऱ्या घोषणा जोडलेल्या. आणि दोन्ही समाजांच्या मुलांना एकमेकांची नावे माहीत नाहीत. याला पाठ्यपुस्तक मंडळ एकटे जबाबदार नाही.

एक साधी सूचना करतो. प्रत्येक शाळेने, मग ती उर्दू असो, मराठी असो की कॉन्व्हेंट, वर्षातून एक दिवस अशा एका व्यक्तीला द्यावा जी त्या शाळेतल्या बहुसंख्य मुलांच्या समाजाची नाही. हार, अगरबत्ती, भाषण नको. त्या माणसाचे पूर्ण आयुष्य वाचावे, त्याच्या चुकांसह, त्याच्या पराभवांसह. उर्दू शाळेने १७ मार्चला काका बॅप्टिस्टा घ्यावेत. योगायोग असा की तो आयर्लंडचा राष्ट्रीय सण, सेंट पॅट्रिकचा दिवस. एका तासात मुलांना मुंबईचा समाज, आयर्लंडचा दुष्काळ, टिळकांचा खटला आणि झरियाच्या खाणी हे सगळे भेटेल. इतिहास आणि भूगोल दोन्ही होतील, आणि मराठीही.

आणि घरी मुलाने विचारले की हे काका कोणाचे, तर उत्तर द्यायला सोपे आहे. माथारपाखाडीत जन्मले, मराठी बोलले, आपल्या वऱ्हाड-मध्यप्रांतातल्या लोकांना स्वराज्य हवे म्हणून लंडनमध्ये जाऊन बोलले. म्हणजे तुझेही. यासाठी त्यांचा धर्म बदलावा लागत नाही आणि तुझाही नाही.